पायथन शिकायला घेतलंय? सुरुवातीच्या या चुका टाळा

प्रोग्रॅमिंगची पहिली भाषा कोणती घ्यावी यावर महिनाभर चर्चा करत बसू नका. व्हेरिएबल (माहिती साठवायला दिलेलं नाव), अट, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणं) आणि फंक्शन (नाव देऊन हवं तेव्हा वापरता येणारा कोडचा तुकडा) एका भाषेत नीट कळले की दुसऱ्या भाषेत फक्त लिहायची पद्धत बदलते. नुकसान होतं ते आठवडाभर पायथन, मग कुणी सांगितलं म्हणून जावा, मग सी अशा उड्या मारण्यात, कारण दरवेळी पहिलाच धडा पुन्हा गिरवला जातो. पुढची उदाहरणं पायथनची आहेत, कारण बरेच जण सुरुवात तिथूनच करतात. कोडमधले शब्द आणि अंक इथे मराठीत दिलेत, टाइप मात्र इंग्रजीत करायचे.

'मला प्रोग्रॅमिंग जमत नाही' असं वाटायला लावणाऱ्या पहिल्या अडचणी खरं तर प्रोग्रॅमिंगच्या नसतातच. विंडोजवर पायथन टाकलं, कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी) 'पायथन' टाइप केलं, तर ही कमांड ओळखीची नाही असं उत्तर येतं, नाहीतर थेट मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. पायथन कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे विंडोजला माहीत नसतं, एवढंच. नेहमीच्या इन्स्टॉलरच्या पहिल्या खिडकीत खाली 'पाथ'साठी (विंडोज प्रोग्रॅम शोधतं त्या फोल्डरांची यादी) एक चौकोन असतो, त्यावर टिक करायची राहून जाते. पायथन काढून पुन्हा टाका, या वेळी टिक करा आणि कमांड प्रॉम्प्टही बंद करून नव्याने उघडा. आधीपासून उघड्या असलेल्या खिडकीला नवा पाथ कळत नाही.

नोटपॅडमध्ये कोड लिहिला असेल तर फाइलच्या नावाला शेवटी गुपचूप 'डॉट टीएक्सटी' चिकटलेलं असू शकतं. विंडोज ते लपवून ठेवतं, त्यामुळे पायथनला तुम्ही सांगितलेल्या नावाची फाइल सापडत नाही. आणि समोर >>> दिसत असेल तर तुम्ही पायथनच्या आत आहात. फाइल चालवायची कमांड तिथे दिलीत तर सिंटॅक्सएरर, म्हणजे लिहायच्या नियमांत चूक असल्याची तक्रार, येणारच. आधी एक्झिट() लिहून बाहेर या.

जुन्या धड्यांपासूनही जपा. ज्या धड्यात प्रिंटपुढे (पडद्यावर मजकूर दाखवायची आज्ञा) कंस नाही, तो पायथन २ या जुन्या आवृत्तीचा आहे. त्याचा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी थांबला. तो धडा तिथेच सोडा.

आता माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी सवय: लाल अक्षरं दिसली की न वाचता खिडकी बंद करणं. पायथनचा एरर खालून वर वाचायचा असतो. शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते, आणि तिच्या वर कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीत ते. नेमएरर म्हणजे त्या नावाचं काही सापडलं नाही: स्पेलिंग चुकलं, इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांची गल्लत झाली किंवा मजकुराला अवतरणचिन्हं द्यायची राहिली. इंडेंटेशनएरर म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा चुकली. टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ केली की हा त्रास हमखास होतो, त्यामुळे एडिटरमध्ये (कोड लिहायचा प्रोग्रॅम) टॅबच्या जागी चार स्पेस लावून टाका. सिंटॅक्सएररची ओळ निर्दोष दिसत असेल तर वरची ओळ बघा. बऱ्याचदा तिथे कंस उघडा राहिलेला असतो. पायथन ३.१० पासून हा कंस बंदच झाला नाही असं स्पष्ट सांगितलं जातं, जुन्या आवृत्त्या मात्र भलतीकडेच बोट दाखवायच्या. वर्डमधून कोड चिकटवला असेल तर वळणदार अवतरणचिन्हं तपासा, ती पायथनला चालत नाहीत.

एरर न देता चुकीचं उत्तर देणारा कोड त्याहून वाईट. वापरणाऱ्याने टाइप केलेलं घेणारं इनपुट() जे देतं ते नेहमी मजकूर असतं, संख्या नव्हे. त्यामुळे ५ टाइप करून त्याची दुप्पट मागितली की १० ऐवजी ५५ मिळतं. आधी इंट() मधून काढून त्याची संख्या करा. (गंमत म्हणजे इंट()ला देवनागरी अंक समजतात आणि व्हेरिएबलला 'वय' असं नावही देता येतं. पण कोडमध्ये थेट देवनागरी ५ लिहिला की सिंटॅक्सएरर.) तसंच ओळीने संख्या देणारं रेंज(१, १०) नऊवरच थांबतं. शेवटची संख्या त्यात धरली जात नाही. शंका आली की मधेमधे प्रिंट टाकून व्हेरिएबलमध्ये खरोखर काय आहे ते बघा. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

रँडम मॉड्यूल (पायथनसोबत येणारी, यादृच्छिक संख्या देणारी तयार कोडची फाइल) वापरून बघायला म्हणून फाइललाच 'रँडम डॉट पीवाय' नाव दिलं, तर पायथन खऱ्या मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उचलतं आणि अगम्य एरर देतं. नाव बदला, सुटेल.

व्हिडिओ बघताना सगळं कळतं. मग तो बंद करून तोच कोड कोऱ्या फाइलमध्ये न बघता लिहून बघा. जिथे हात थांबतो तेवढंच शिकायचं राहिलंय.

एवढं करूनही अडलात तर जरूर विचारा, पण मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो पाठवू नका. कोड आणि पूर्ण एरर मजकूर म्हणून द्या, काय अपेक्षित होतं आणि काय झालं ते लिहा. पाठवण्याआधी चुकीशी संबंध नसलेल्या ओळी काढून कोड छोटा करा. बऱ्याचदा हे करतानाच दोष सापडतो आणि प्रश्न पाठवायची वेळच येत नाही.