अल्टरनेटरचा रेग्युलेटर घरी बनवताय? या चुका टाळा

शेतावरच्या डिझेल इंजिनाला भंगारातला गाडीचा अल्टरनेटर पट्ट्याने जोडायचा आणि लाईट नसेल तेव्हा बॅटऱ्या चार्ज करायच्या, हे मी बरीच वर्षं करतोय. अल्टरनेटर मिळून जातो, पुली लेथवर करून मिळते. काम अडतं ते रेग्युलेटरवर, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणाऱ्या सर्किटवर. माझी पहिली बॅटरी त्यातच गेली. इंजिन चालू ठेवून मी बांधावर गेलो, तासाभराने परतलो तर शेडमध्ये सडक्या अंड्यांचा वास, बॅटरीची बुचं ओली आणि मीटरवर १७ व्होल्टच्या वरचा आकडा. सेन्सची वायर, म्हणजे रेग्युलेटरला बॅटरीचं व्होल्टेज दाखवणारी वायर, थिंबलमधून (वायरीच्या टोकाला दाबून बसवतात ते धातूचं टोक) निसटली होती. थिंबल बाहेरून घट्ट दिसत होतं, आत मात्र दोन-तीनच तारा धरलेल्या होत्या.

रेग्युलेटर फक्त रोटरच्या, म्हणजे आत फिरणाऱ्या विद्युतचुंबकाच्या, फील्ड कॉइलमधला करंट कमी-जास्त करतो. तो किती द्यायचा, हे सेन्स वायरवर दिसणाऱ्या व्होल्टेजवरून ठरतं. वायर तुटली की त्याला शून्य दिसतं, आणि बॅटरी रिकामी आहे असं समजून तो फील्ड पूर्ण सोडतो. म्हणून सर्किट कागदावर काढतानाच एकेका भागावर बोट ठेवून विचारा: हा निकामी झाला तर चार्जिंग बंद पडेल, की सुसाट सुटेल? बंदच पडलं पाहिजे.

यावर माझा उपाय सोपा आहे. कंपॅरेटर (दोन व्होल्टेज ताडून बघणारा आयसी), रेफरन्स (ठरलेलं स्थिर व्होल्टेज देणारा भाग) आणि मॉस्फेटच्या (फील्ड चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) गेटचा पुल-अप (गेट पॉझिटिव्हकडे ओढणारा रेझिस्टर), या सगळ्यांचा सप्लाय सेन्सच्या वायरवरूनच घ्यायचा, आणि गेटपासून निगेटिव्हला १० किलोओहम लावायचा. वायर निसटली की गेट खाली येतो आणि फील्ड बंद.

प्रीसेटचं, म्हणजे स्क्रूने फिरवायच्या छोट्या बदलत्या रेझिस्टरचंही तसंच. टीएल४३१ या आयसीचा रेफरन्स २.५ व्होल्टचा. वर (सेन्सकडे) ४.७ किलोओहम आणि खाली (निगेटिव्हकडे) १ किलोओहम लावला की सेटिंग १४.२ व्होल्टच्या आसपास येतं. पण ५ टक्क्यांचे रेझिस्टर वापरले आणि दोघांची चूक उलट दिशांना गेली, तर हा आकडा एक व्होल्टहून जास्त हलू शकतो. १ टक्क्याचे मेटल फिल्म घ्या, किंमत किरकोळ असते. बारीक जुळवणीचा प्रीसेट खालच्या रेझिस्टरच्या सिरीजमध्ये घाला, वरच्या नको. प्रीसेटचा सरकता संपर्क धूळ बसून कधी ना कधी सुटतोच. खालच्या बाजूला सुटला तर रेग्युलेटरला व्होल्टेज जास्त दिसतं आणि तो बंद होतो. वरच्या बाजूला सुटला तर बॅटरी उकळते.

सेन्स कुठून घेता, यावर बरंच अवलंबून आहे. जुन्या जीपवर तो इग्निशनच्या चावीनंतर घेतलेला असतो. चावीचे संपर्क झिजून तिथे अर्धा व्होल्ट पडला, तर रेग्युलेटरला १४.२ दिसतं आणि बॅटरीवर १४.७ जातं. उलट अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टवरून घेतला, तर केबलमधला ड्रॉप बॅटरीच्या वाट्याचा कमी होतो आणि तिला पूर्ण चार्ज व्हायला फार वेळ लागतो. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह, दोन्ही वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर न्या.

आता ज्यात लोकांचे महिने जातात ती चूक. टीएल४३१ थेट मॉस्फेटच्या गेटला जोडतात. सर्किट दिसतं देखणं, पण व्होल्टेज सेटिंगच्या वर गेलं तरी फील्ड पूर्ण बंद होत नाही. कारण टीएल४३१ पूर्ण चालू असतानाही त्याच्या कॅथोडवर साधारण २ व्होल्ट राहतात, आणि लॉजिक लेव्हलचा (गेटवर कमी व्होल्टेज लागणारा) मॉस्फेट तेवढ्यावर उघडाच असतो. अर्धवट उघडा मॉस्फेट तापतो. फील्ड ४ ओहम आणि सप्लाय १४ व्होल्ट धरला, तर निम्मं व्होल्टेज मॉस्फेटवर असताना त्यात १२ वॅट जिरतात. हीट सिंक मोठा करून हे दुखणं जात नाही. टीएल४३१ फक्त रेफरन्स म्हणून ठेवा आणि स्विचिंग एलएम३९३ या कंपॅरेटरकडे द्या. पॉझिटिव्ह फीडबॅकने ०.१ ते ०.२ व्होल्टचा हिस्टेरिसिस (बंद होण्याच्या आणि परत चालू होण्याच्या व्होल्टेजमधलं अंतर) द्या आणि खालच्या रेझिस्टरला समांतर १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. हे नसेल तर अल्टरनेटरच्या रिपलवर, म्हणजे व्होल्टेजच्या बारीक चढउतारांवर, कंपॅरेटर फडफडत राहतो.

फील्डला समांतर उलटा डायोड लागतो, हे बहुतेकांना माहीत असतं, पण हाताशी असतो म्हणून १एन४००७ लावतात. तो १ अँपिअरचा. मॉस्फेट बंद होताच फील्डचा तीन अँपिअरच्या आसपासचा करंट त्याच डायोडमधून फिरतो. ६ अँपिअरचा लावा.

जोडणीआधी मल्टीमीटरने ब्रश तपासा. दोन स्लिप रिंगमध्ये (शाफ्टवरची कडी, ज्यांवर ब्रश टेकून फील्डला करंट देतात) साधारण ३ ते ५ ओहम आले पाहिजेत, रिंग आणि शाफ्टमध्ये मात्र जोड अजिबात दिसता कामा नये. एक ब्रश आतून बॉडीला अर्थ असेल, तर निगेटिव्ह बाजूने स्विच करणारं सर्किट तिथे चालणार नाही. तो ब्रश सोडवा, नाहीतर पॉझिटिव्ह बाजूचं सर्किट बनवा.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. फील्डमधला जोर क्षणात ओसरत नाही, आणि १२ व्होल्टच्या सिस्टीममध्ये शंभराच्या घरातला झटका उठू शकतो. ५५ व्होल्टचा मॉस्फेट त्यात जातो, आणि मॉस्फेट जातो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊनच जातो, म्हणजे फील्ड पूर्ण चालू. इथे फ्यूज कामाचा नाही, कारण पूर्ण फील्डचा करंटही फ्यूज उडवण्याइतका नसतो. म्हणून फील्डच्या वायरीत वेगळा रिले घाला आणि १५ व्होल्टच्या वर तो उघडून फील्ड तोडणारं स्वतंत्र सर्किट ठेवा. लिथियम बॅटरीला तर हे हवंच, कारण तिचा बीएमएस (बॅटरीचं रक्षण करणारं आतलं सर्किट) मनात येईल तेव्हा बॅटरी तोडतो.

इंजिन बंद केल्यावर फील्डचा स्विचही बंद करा. तीन अँपिअरने रात्रभरात तीसेक अँपिअर-तास जातात.

उन्हाळ्यात सेटिंग उतरवा. लेड-ॲसिडच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशाला साधारण २० मिलिव्होल्ट कमी लागतात. २५ अंशांना १४.२ ठेवलं असेल, तर विदर्भातल्या ४५ अंशांत १३.८ पुरे.

आणि इंजिनाला जोडण्याआधी टेबलवर तपासा. फील्डच्या जागी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा, बॅटरीच्या जागी व्होल्टेज बदलता येणारा पॉवर सप्लाय. व्होल्टेज १२ पासून हळूहळू चढवा. बल्ब १४.२ ला विझला पाहिजे आणि थोडं खाली आणताच पेटला पाहिजे. मग बल्ब पेटलेला असताना सेन्सची वायर उपसून बघा. बल्ब पेटलेलाच राहिला, तर सर्किट अजून शेडमध्ये नेऊ नका.