खाली माग, वर घर: इंटरनेट एकच, नेटवर्क दोन

सोलापूरच्या पूर्व भागात खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड अशी घरं पुष्कळ. वरच्या राउटरच्या वायफायला स्लॅब ओलांडतानाच धाप लागते आणि केबलसाठी भिंत फोडायला कुणी तयार नसतं. अशा ठिकाणी पॉवरलाइन अॅडॅप्टरची जोडी घ्या. ती विजेच्या तारांतूनच नेट खाली नेते.

मात्र कारखान्याचे कॅमेरे आणि बँकेचे व्यवहार होणारा लॅपटॉप एकाच नेटवर्कवर नकोत. व्हीलॅनची, म्हणजे एकाच राउटरवर वेगळी नेटवर्क करण्याची, सोय असलेल्या राउटरवर एक पोर्ट कारखान्यासाठी वेगळं काढा, तिकडून घराकडची वाट फायरवॉलमध्ये बंद करा आणि अॅडॅप्टर त्याच पोर्टला जोडा. घरासाठी दुसरी जोडी घेतलीत, तर खरी गफलत इथे होते: चारही अॅडॅप्टर एकमेकांशी पेअर केले की सगळं पुन्हा एक होतं, राउटरमधली वाटणी पाण्यात. प्रत्येक जोडी स्वतंत्र पेअर करा, म्हणजे तिची किल्ली (माहिती कुलूपबंद करणारा गुप्त संकेत) वेगळी राहते. तार मात्र सामाईकच, त्यामुळे वेग वाटला जातो.

अॅडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. एक्स्टेन्शन बोर्ड किंवा स्पाइक गार्ड मध्ये नको. थ्री फेज असेल तर दोन्ही सॉकेट एकाच फेजवर आहेत का, ते वायरमनकडून बघून घ्या. खोक्यावरच्या १००० एमबीपीएसवर जाऊ नका, हातात त्याच्यापेक्षा बरंच कमी पडतं. आणि चाचणी माग चालू असतानाच घ्या. मोटारींचा गोंगाट तारेतही उतरतो.