मॉरिशसला निघालात? मराठवाड्यातून जाताना या चुका टाळा

एप्रिल संपता संपता शाळांना सुट्ट्या लागतात, बीड-परभणीत पारा चाळिशी ओलांडतो आणि घरोघरी एकच विषय निघतो: यंदा लेकरांना समुद्र दाखवायचा. आमच्याकडेही तसंच झालं. मे महिन्याच्या अखेरीला आम्ही सात जण मॉरिशसला गेलो. बॅगेत सगळे पातळ, बिनबाह्यांचे कपडे. हॉटेल बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर. पहिल्याच संध्याकाळी असा वारा सुटला की लेकरं टॉवेल गुंडाळून बसली. समुद्र समोर, आणि पाण्यात उतरायची कुणाची इच्छा नाही. वर्षभर पैसे साठवून केलेल्या सहलीचे दोन दिवस असे गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. हॉटेलचा दोष नव्हता. आम्ही बीडच्या हिशेबानं तयारी केली होती.

तेव्हापासून नात्यातलं, ओळखीतलं कुणी तिकडं निघालं की मी आधी त्यांच्या सामानाची आणि कार्यक्रमाची यादी मागवते. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

आपला उन्हाळा तो तिकडचा हिवाळा

छत्रपती संभाजीनगर विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण २० अंशांवर आहे, मॉरिशस तेवढंच दक्षिणेला. अंतर सारखं, पण ऋतू उलटे. तिकडचा उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल, आणि मे-जूनपासून सप्टेंबरपर्यंत हिवाळा. आपल्यासारखी हुडहुडी भरत नाही. किनाऱ्यावर दिवसा २४-२५ अंश असतात, रात्री १७-१८ पर्यंत उतरतात. पण आग्नेयेकडून सतत वारा येतो आणि तो पूर्व किनाऱ्यावर सरळ आदळतो. म्हणून मे ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर पूर्वेकडच्या बेल मार किनाऱ्याच्या बाजूची खोली स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. पश्चिमेला फ्लिक ऑन फ्लाक किंवा वायव्येला त्रू ओ बिश बघा, तिथं वारा अडतो. पूर्वेकडचं इल ओ सेर्फ हे छोटं बेट एका दिवसात जाऊन-येऊन पाहता येतं.

हिवाळ्यात दिवसही लहान. जूनमध्ये संध्याकाळी पावणेसहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. आपल्याकडे जूनमध्ये सात वाजेपर्यंत उजेड असतो, त्या सवयीनं कार्यक्रम आखला की शेवटचं ठिकाण अंधारात बघावं लागतं. गंगा तलाव हे तीर्थस्थान आणि क्युअरपीप शहराचा भाग मधल्या पठारावर आहे. तिथं ढग उतरतात, रिमझिम पाऊस लागतो. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी एक स्वेटर आणि कानटोपी घ्याच.

जानेवारी ते मार्च स्वस्तात मिळालं तरी नीट विचार करा. ते चक्रीवादळाचे महिने. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल नावाच्या वादळानं राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या वाहून नेल्या होत्या. वादळाचे इशारे तिथं चार पायऱ्यांनी देतात. वरच्या पायरीला सगळं बंद होतं, विमानतळसुद्धा. माझं स्पष्ट मत विचाराल तर दिवाळीची सुट्टी निवडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडे पाऊस कमी, वारा मंदावलेला आणि पाणी कोमट व्हायला लागलेलं असतं.

नाव, तारीख आणि लेकरांचे पासपोर्ट

भारतीय पर्यटकाला व्हिसा आधी काढावा लागत नाही, तिथल्या विमानतळावर शिक्का मिळतो. "व्हिसा नाही म्हणजे कागदांचं काम नाही," असं समजून लोक निर्धास्त राहतात आणि तिथंच फसतात. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा विचारला जातो. निघण्याआधी ऑनलाइन फॉर्मही भरायचा असतो. हे सगळं मोबाइलमध्ये ठेवा आणि छापूनही ठेवा.

नव्या जोडप्यांच्या बाबतीत एक चूक हमखास दिसते. लग्नानंतर तिकीट नवऱ्याच्या आडनावानं काढतात आणि मुलीचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असतो. तिकीट पासपोर्टवरच्या नावानंच काढा, लग्नपत्रिकेवरचं नाव काहीही असो. लेकरांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. आई-वडिलांचा दहा वर्षांचा, म्हणून मुलाचाही चालू असेल असं गृहीत धरू नका. पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने तरी शिल्लक हवी.

तारखेचा घोळ तर फार महागात पडतो. मुंबईहून निघणाऱ्या विमानाच्या तिकिटावर १२ तारीख आणि पहाटे तीनची वेळ असेल, तर घरातून निघायचं ११ तारखेला सकाळी. देवगिरी, नंदीग्राम या रेल्वेगाड्या किंवा रात्रीची ट्रॅव्हल्स धरून थेट विमानतळ गाठायचा धोका पत्करू नका. घाटात एक ट्रक आडवा झाला की सगळंच हुकतं. मुंबईत पाहुण्यांकडे किंवा लॉजवर काही तास काढा.

तिकडचाही रुपयाच, पण वेगळा

मॉरिशसच्या चलनाचं नाव रुपयाच आहे आणि तो आपल्यापेक्षा महाग आहे, साधारण पावणेदोन ते दोन पट. "जेवण ६०० रुपये," असं ऐकून आपल्याला ठीक वाटतं. हिशेब होतो हजाराच्या वर. पहिले दोन दिवस प्रत्येक भाव मनातल्या मनात दुप्पट करा, बजेट सांभाळलं जाईल. टॅक्सीत मीटरचा भरवसा धरू नका, बसायच्या आधी भाडं ठरवा.

फेब्रुवारी २०२४ पासून तिथं यूपीआय सुरू झालं आहे, पण प्रत्येक टपरीवर चालेल असं नाही, आणि ॲपमध्ये परदेशी व्यवहार आधी चालू करावे लागतात. बँकेच्या कार्डाचंही तेच. परदेशातला वापर मुळात बंदच ठेवलेला असतो; बीडमध्ये बसून एका मिनिटात चालू होतो, तिथं ओटीपीसाठी नेटवर्क शोधत बसावं लागतं.

फराळाची बॅग

"लेकरांना उपाशी ठेवतीस का तिकडं?" असं म्हणत आत्यानं आमच्यासोबत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, खोबऱ्याच्या वाट्या आणि डझनभर मोसंबी दिली होती. माया कळते, पण नियम कडक आहेत. फळं, बिया, रोपं परवान्याशिवाय मॉरिशसमध्ये नेता येत नाहीत. जालन्याची मोसंबी असो की बालाघाटचं सीताफळ, घरीच ठेवा. सुकं खोबरं चेक-इन बॅगेतही चालत नाही. त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. तिखट आणि चटण्या हातातल्या बॅगेत ठेवू नका, मोठ्या बॅगेत घट्ट बांधून द्या. तेलाचं लोणचं शक्यतो नकोच. बरणी फुटली की सात जणांचे कपडे जातात.

शाकाहारी माणसाची तिथं उपासमार होत नाही. रस्त्यावर डाळ पुरी मिळते, पुरण भरावं तशी डाळ भरलेली मऊ पोळी, आत शेंगांची भाजी आणि टोमॅटोचा रस्सा. विकतात जोडीनं. आमच्या लेकरांनी पाचही दिवस तीच मागितली.

औषधं मात्र मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. झोपेच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांना आधी परवानगी लागते. चुलत्यानं "गुडघ्यासाठी ठेव" म्हणून दिलेली सुटी पट्टी बॅगेत टाकू नका.

विहिरीत पोहणारा समुद्रात

या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त बोलते आणि बोलतच राहणार. आपल्याकडे पोहायला शिकतात विहिरीत, पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून. असा माणूस पाण्याला घाबरत नाही. पण विहिरीचं पाणी जागेवर उभं असतं, समुद्राचं चालतं.

मॉरिशसभोवती जवळजवळ सगळीकडून प्रवाळाची भिंत आहे. भिंतीच्या आतलं पाणी उथळ आणि शांत असतं, म्हणून सगळे निवांत होतात. पण या भिंतीला जागोजागी खिंडी आहेत, आणि आत आलेलं पाणी तिथूनच जोरात बाहेर पडतं. तुम्ही त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहून दमू नका. आधी तरंगा, मग किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, ओढ संपली की परत या. हे घरीच सगळ्यांना समजावून सांगा, सासऱ्यांना आणि दहावीतल्या पोरालाही. दक्षिणेला ग्री-ग्री इथं तर भिंत तुटलेली आहे. लाटा खडकावर आदळतात. तिथं फक्त बघायचं, उतरायचं नाही. पोहायला जीवरक्षक असलेली आणि तरंगत्या बोयांनी आखलेली जागाच निवडा.

पायात रबरी समुद्री बूट हवेतच. वाळूत आणि खडकात काटेरी समुद्री अर्चिन असतात, आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश. काटा घुसला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवा, लगेच रुग्णवाहिकेला ११४ वर फोन करा. बोटीवर लाइफ जॅकेट मागून घ्या. स्कुबा करणार असाल तर परतीच्या विमानाआधी १८ ते २४ तास मोकळे ठेवा, म्हणजे शेवटच्या दिवशी स्कुबा नकोच.

आणि ऊन. आपण ४२ अंशांत वाढलेली माणसं, २५ अंशांचं ऊन आपल्याला काय करणार, असं वाटतं. गार वाऱ्यात त्वचा भाजतेय हे कळत नाही, पाणी आणि पांढरी वाळू ऊन परत फेकते. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि सनस्क्रीन, दर दोन तासांनी.

प्लगचा ॲडॉप्टरही इथूनच घ्या. तिथं तीन चौकोनी पिनांचे सॉकेट असतात.

फक्त समुद्र बघून परतणं

हीसुद्धा मला चूकच वाटते. पोर्ट लुईत आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर नेलेले मजूर बेटावर येत होते. ते का, तर ऊस तोडायला. १८४९ पासून ते या घाटावर उतरू लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसंही होती. त्यांच्या वंशजांमुळे आज तिथं शाळेत मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. बंदरातून वर चढायच्या सोळा दगडी पायऱ्या अजून जपून ठेवल्या आहेत. दिवाळी झाली की ट्रॅक्टरवर बिऱ्हाड लादून कारखान्यांकडे निघणारी आपल्या बीडची माणसं ज्यानं पाहिली आहेत, त्याला त्या पायऱ्या परक्या वाटणार नाहीत. सासूबाई चप्पल काढून खालच्या पायरीपाशी उभ्या राहिल्या, बराच वेळ.

यासाठी एक सकाळ पुरते. रविवार सोडून जा, आणि ती सकाळ परतीच्या दिवशी ठेवू नका, घाईत तिथं थांबवत नाही.