जावा मॉस काळं पडतंय? या चुका टाळा

जावा मॉस म्हणजे माशांच्या टाकीत लावतात ती बारीक पानांची पाणवनस्पती. दुकानातून आणलेला मॉसचा गोळा तसाच टाकीतल्या लाकडावर ठेवायचा आणि वरून दोरा करकचून आवळायचा, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सुरुवातीला मॉस हिरवंगार दिसतं. आत मात्र उजेड पोचत नाही, पाणी खेळत नाही. खालचा थर तपकिरी होऊन कुजतो, त्यात माशांची घाण साठते आणि एक दिवस अख्खी गादी सुटून वर तरंगते. मग खापर दोऱ्यावर.

मॉसला खरी मुळं नसतात. बारीक तंतूंनी ते फक्त पृष्ठभाग धरतं आणि अन्न पाण्यातून पानांवाटे घेतं. त्यामुळे ते वाळूत खोचण्यात काही अर्थ नाही. कात्रीने सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे तुकडे करा. ओल्या लाकडावर किंवा खडबडीत दगडावर ते इतके विरळ पसरा, की मधूनमधून लाकूड दिसलं पाहिजे. गडद रंगाचा सुती दोरा सैलसर गुंडाळा. काही आठवड्यांत दोरा कुजतो, तोवर मॉसने पकड घेतलेली असते. रिचिया ही तशीच वापरली जाणारी, पाण्यावर तरंगणारी वनस्पती मात्र पकड घेतच नाही. तिला नायलॉनचा दोरा किंवा जाळीच हवी. सुपरग्लू वापरायचा तर जेलचाच, आणि ठिपक्याएवढा.

दुसरी चूक उतावळेपणाची. पंधरा दिवसांत वाढ दिसली नाही की दिवा बारा तास चालू! मॉस सावकाशच वाढतं, जास्तीच्या उजेडावर वाढतं ते केसाळ शेवाळ. ते मॉसमध्ये गुंतलं की निवडून काढता येत नाही. तेवढा भाग कापून फेकलेला बरा. सहा-सात तास उजेड भरपूर झाला.

उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या वर गेलं की मॉस मलूल होतं. २० ते २६ अंश उत्तम. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत फरक कमी पडतो. आटलेल्या पाण्याची भर क्लोरीन काढलेल्या पाण्याने घाला.

छाटणीआधी फिल्टर बंद करा, नाहीतर तुकडे टाकीभर पसरतात. तांबं असलेली औषधं टाकीत नकोतच. मॉसबरोबर कोळंब्याही जातात. पाणवनस्पतींच्या वाढीसाठी म्हणून ‘लिक्विड कार्बन’च्या नावाने मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांत ग्लुटारल्डिहाइड हे जंतुनाशक असतं आणि मॉसला ते सोसत नाही. बाटलीवरचा डोस डोळे झाकून ओतू नका; जावा मॉसचं त्यावाचून काही अडत नाही.