हायब्रिडच्या मागच्या सीटजवळची जाळी

कोथरूडच्या आमच्या गल्लीत खोदकाम बारमाही, म्हणून गाडीतली ही जाळी साफ करायचं काम मी दर दिवाळीआधी उरकतो. आमच्या हायब्रिडमध्ये (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी) मागच्या सीटच्या कडेला जाळी आहे. पंखा तिथूनच हवा ओढून मोठी बॅटरी थंड ठेवतो. जाळी तुंबली की पंखा घोंघावतो.

गाडी बंद करा, चावी घरात ठेवून या. जाळी बोटांनीच हलके ओढा. स्क्रूड्रायव्हर घातलात तर खाच मोडते, माझी मोडलीय. आतला फिल्टर झटका, दात घासायच्या जुन्या ब्रशने झाडा. माझ्यात काय निघालं? बाकरवडीचा चुरा आणि शेजारच्या मांजराचे केस! (मांजर गाडीत कधी शिरलं, देव जाणे.) ओला झाला तर पूर्ण वाळवूनच बसवा.

केशरी वायरींना मात्र हात लावायचा नाही. त्या उच्च दाबाच्या, ते काम सर्व्हिस सेंटरचं.