पद्मिनीचं इग्निशन मूळ जागी कसं बसवावं

बॉनेट उघडल्या उघडल्या पान्याला हात लावू नका. आधी मोबाइलवर कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती), डिस्ट्रिब्युटर (ते पाळीपाळीने प्लगना वाटतो तो) आणि प्रत्येक वायरीचे फोटो घ्या. मात्र दिसते ती मांडणी कंपनीची, असं धरून चालू नका. मुंबईतल्या जुन्या प्रीमियर पद्मिनीवर बरेच हात फिरलेले असतात. सीएनजी किटच्या रेग्युलेटरला जागा करायची म्हणून कॉइल भलतीकडेच ठोकलेली सापडू शकते.

मूळ जागा गाडीच दाखवते. कॉइलच्या क्लॅम्पची भोकं शोधा. कारखान्यातल्या भोकाच्या आतल्या कडेलाही रंग असतो. मागाहून ड्रिल मारलेल्या भोकाची कड उघडी राहून गंजते, आणि आपल्या खाऱ्या हवेत तर लवकरच. मग मूळ वायरिंग तिथवर नेऊन बघा. जोड न देता, न ताणता पोहोचलं तर जागा बहुधा तीच. हे सगळं डेंटिंग-पेंटिंगच्या आधी उरका. पुट्टी भरली की पुरावा गेला.

जोडणी सोपी आहे. स्विचकडून येणारी वायर कॉइलच्या प्लसला, डिस्ट्रिब्युटरची मायनसला. कॉइलवर 15 आणि 1 असं लिहिलं असेल तर 15 म्हणजे प्लस. प्लसवर एखादा कंडेन्सर दिसला तर तो रेडिओची खरखर थांबवण्यासाठी असतो, पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्काचा) नव्हे.

खरा घोळ डिस्ट्रिब्युटरमध्ये. पहिला सिलिंडर रेडिएटरकडचा. त्याचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन हाताने फिरवा. हवा अंगठ्याला ढकलू लागली की सावकाश पुढे जात पुलीची खूण जुळवा. आता रोटरचं (डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणाऱ्या तुकड्याचं) तोंड कॅपच्या, म्हणजे झाकणाच्या, ज्या टर्मिनलकडे, तिथे पहिल्या प्लगची वायर. पुढे रोटर फिरतो त्या दिशेने 3, 4, 2 या सिलिंडरांच्या वायरी.

इंजिन चालतंय म्हणून सगळं बरोबर, असं नाही. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट एखादा दात चुकून बसला तरी मेकॅनिक कॅपवरच्या वायरी एकेक घर सरकवून गाडी चालू करून देतो. मग वायरी एकमेकींवर चढतात, डिस्ट्रिब्युटर फिरवायला जागा उरत नाही. अशा वेळी शाफ्ट काढून नीट बसवाच.

आधी पॉइंटचा गॅप (साधारण 0.4 ते 0.5 मि.मी.), नंतर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), उलट केलंत तर टायमिंग पुन्हा करावं लागेल, कारण गॅप बदलला की तेही सरकतं. टेस्ट लॅम्प कॉइलच्या मायनस आणि अर्थिंगमध्ये लावून स्विच ऑन करा. दिवा पेटतो त्या क्षणी पॉइंट उघडतात, म्हणजे ठिणगी पडते. गाडी सीएनजीवर चालली असेल तर टायमिंग बहुधा पुढे घेतलेलं असतं. ते मूळ खुणेवर आणलं नाही तर पेट्रोलवर पेडर रोडच्या चढाला इंजिन ठोकू लागेल.

कॅप आणि रोटर एकाच मेकचे घ्या. चोरबाजारात जाताना जुने तुकडे बरोबर न्या आणि कॅप उजेडात धरून आत केसासारखी काळी रेघ आहे का बघा. असेल तर फुकट मिळाली तरी नको, पावसाळ्यात करंट तिथूनच गळेल.