चिकट तांदळाच्या पिठाचे वॉफल: बाहेर कुरकुरीत, आत चिवट

या वॉफलची सगळी मदार पिठावर आहे. घावनं, पातोळ्या, भाकरी यांसाठी आपण जे तांदळाचं पीठ वापरतो, त्याचा हा वॉफल होत नाही. ज्योती, जया, कोरगुट, कोणताही तांदूळ दळून आणला तरी नाही, आणि उकड्याचा तर प्रश्नच नाही. साध्या तांदळाच्या स्टार्चमध्ये अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. अमायलोज जास्त असलं की शिजलेलं पीठ गार होताना घट्ट बसतं आणि वाकवलं की तुटतं. चिकट तांदळात अमायलोज जवळजवळ नसतंच. सगळं अमायलोपेक्टिन असल्यामुळे शिजलेलं पीठ अर्धपारदर्शक होतं, ताणलं तर तार धरतं, आणि गार झाल्यावरही बराच वेळ मऊ राहतं.

आपला गोव्याचा गोड दोदोल साध्या तांदळाच्या पिठाचाच असतो आणि तरी लवचीक होतो, मग वॉफल का नाही, असं वाटू शकतं. पण दोदोलला ती लवचीकता येते माडाचा गूळ, नारळाचा रस आणि मंद आचेवर तासन्‌तास ढवळणं यांतून. पाच-सहा मिनिटांत भाजून निघणाऱ्या पदार्थाला तेवढी सवड नसते, तिथे पिठालाच ते काम करावं लागतं.

हे पीठ आयात माल ठेवणाऱ्या सुपरमार्केटात, नूडल्स आणि फिश सॉसच्या आसपासच्या कप्प्यात शोधा, नाहीतर ऑनलाइन मागवा. पाकिटावर ‘ग्लुटिनस राइस फ्लोअर’ किंवा ‘स्वीट राइस फ्लोअर’ असं लिहिलेलं असतं. नुसतं ‘राइस फ्लोअर’ असेल तर ते आपलं नेहमीचंच पीठ. एरावन या थाई ब्रँडमध्ये हिरव्या छपाईचं पाकीट चिकट तांदळाचं आणि लाल साध्या तांदळाचं, तिथे हमखास चूक होते. जपानी पद्धतीचं मोचिको मिळालं तर तेही उत्तम. ग्लुटिनस म्हटलं तरी यात ग्लुटेन नसतं. मात्र घरात कोणाला गव्हाचं पथ्य असेल तर बेकिंग पावडरच्या डब्यावरचे घटक वाचा, काही पावडरींत गव्हाचा स्टार्च असतो.

सुट्या पिठाबद्दल शंका असेल तर एक चमचा पीठ पाव कप पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवा. चिकट तांदळाचं पीठ काचेसारखं होऊन चमच्यावरून लांब तार धरत ओघळतं. साधं पीठ पांढरट खळीसारखं होतं आणि गार झालं की गोळा बसतो. आणखी पक्की खात्री हवी असेल तर शिजवलेली पेज पातळ करून, पूर्ण गार करून तिच्यात टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. साध्या तांदळाची पेज निळी-काळी होते, चिकट तांदळाची लालसर तपकिरी. तपासलेली पेज अर्थातच फेकून द्या.

घरी दळायचं असेल तर आसामचा बोरा तांदूळ चालतो. धुऊन सहा ते आठ तास भिजवा, निथळून सावलीत कापडावर पसरा. दाणा बोटाला किंचित दमट लागेल, पण हाताला चिकटणार नाही, तेव्हा मिक्सरमध्ये थोडा थोडा दळून मैद्याच्या चाळणीने चाळा. या पिठात ओल असते, म्हणून त्याच दिवशी वापरा आणि खाली दिलेल्या नारळाच्या रसातला 30 ते 40 मिली आधी राखून ठेवा. मणिपूरचा काळा चाखाओही चिकट तांदूळच, पण तो कोंड्यासकट असतो. त्याचं पीठ भरभरीत लागतं, म्हणून एकूण पिठाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त घेऊ नका.

पाच ते सहा पातळ गोल वॉफलसाठी 250 ग्रॅम पीठ, 75 ग्रॅम साखर, 2 अंडी, 200 मिली नारळाचा जाड रस, 50 ग्रॅम वितळवलेलं लोणी, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव छोटा चमचा मीठ घ्या. वासाला थोडी वेलची किंवा जायफळ. पीठ वजन करूनच घ्या: कोणतं पीठ किती बारीक दळलंय त्यावर एका कपात किती मावतं हे बदलतं, आणि या पदार्थात 30 ग्रॅमचा फरकसुद्धा दाताला कळतो.

रस ताज्या नारळाचा असेल तर वॉफलला जी चव येते ती डब्यातल्या रसाने येत नाही, आणि गोव्यात राहून तो काढायचा आळस करू नये. मध्यम आकाराचा एक नारळ खवून कपभर कोमट पाण्याबरोबर वाटा आणि फडक्यातून घट्ट पिळा. पहिला रस तेवढा वापरा, दुसरा आमटीला जाऊ दे. उन्हाळ्यात हा रस लवकर आंबतो, म्हणून काढल्यावर दोन तासांच्या आत पीठ कालवा. डब्यातला रस घेतला तर डबा आधी हलवून घ्या, कारण वरची साय आणि खालचं पाणी वेगळं झालेलं असतं.

साखरेऐवजी माडाचा काळा गूळ घालायचा असेल तर 80 ग्रॅम गूळ चिरून कोमट रसात विरघळवा आणि गाळा. या गुळात बारीक कचरा असतोच. गुळाने रंग झटकन चढतो, म्हणून आच एक खूण कमी ठेवा, नाहीतर बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं.

अंडी आणि साखर फेटा, त्यात रस आणि कोमट लोणी घाला. लोणी गरम नको आणि रस फ्रिजमधला गार नको, नाहीतर लोण्याच्या कण्या होतात. आता पीठ आणि मीठ घालून गुठळ्या मोडेपर्यंत खुशाल ढवळा. मैद्याच्या पिठासारखं इथे जास्त ढवळल्याने काही बिघडत नाही, कारण घट्ट व्हायला ग्लुटेनच नाही. 15 मिनिटं झाकून ठेवा म्हणजे पिठाचा कण न्‌ कण भिजतो. बेकिंग पावडर मात्र भाजायच्या अगदी आधी चाळून घाला. तयार पीठ डावेतून सलग पट्टीसारखं पडलं पाहिजे: घावनाच्या पिठापेक्षा बरंच दाट, इडलीच्या पिठापेक्षा थोडं सैल.

दर वेळी ओतण्याआधी पीठ तळापासून ढवळा. हा स्टार्च पटकन खाली बसतो. न ढवळता ओतत गेलात तर पहिले दोन वॉफल पातळ आणि जाळीदार होतात आणि शेवटचा दगड. बरेच जण याचा दोष मशीनला देतात.

वॉफल मेकर पूर्ण तापू द्या. दिवा लागला तरी वर दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, आणि व्होल्टेज पडलेलं असेल तर आणखी थोडी. पात्र कोमट असेल तर पीठ खाचांत चिकटून शिजतं आणि मग निघत नाही. दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावा, खाचांच्या कोपऱ्यांपर्यंत. फवाऱ्याचं तेल टाळा, त्यातलं लेसिथिन नॉनस्टिकवर जमून चिकट थर धरतं. साधारण अर्धा कप पीठ मधोमध ओता आणि झाकण लावा. दाबू नका, पीठ स्वतःच पसरतं.

खरी परीक्षा इथून पुढे. पहिली चार मिनिटं झाकण उघडायचं नाही. आतलं पीठ अजून नुसता चिकट गोळा असतो, वर-खाली दोन्ही पात्रांना धरून बसलेला. घाईने उघडलं की वॉफल मधोमध फाटतो, अर्धा वर आणि अर्धा खाली, आणि खाचा खरवडत बसावं लागतं. घड्याळाबरोबर वाफेकडेही बघा. सुरुवातीला कडेने भरभरून वाफ येते. ती अगदी बारीक झाली की साल सुकली आणि सुटायला तयार झाली. पातळ पात्राला चार ते सहा मिनिटं लागतात, खोल खाचांच्या बेल्जियन पात्राला सहा ते आठ. झाकण उचलताना अडलं तर ओढू नका, बंद करून आणखी मिनिटभर थांबा. रंग गडद सोनेरी हवा. फिकट पिवळ्या वॉफलची साल पाच मिनिटांत मऊ पडते.

काढलेला वॉफल ताटात ठेवू नका, जाळीवर ठेवा. एकावर एक तर मुळीच रचू नका, कारण आतून वाफ निघत असते आणि ती अडली की खालची बाजू भिजते. दोन-तीन मिनिटं गार होऊ द्या. गरमागरम चावला तर आतलं पीठ कच्चं वाटतं, जरा निवल्यावरच चिवटपणा जागेवर येतो. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की कुरकुरीतपणा फार टिकत नाही, म्हणून जूनपासून पुढे खाणारे टेबलाशी बसल्यावरच भाजायला घ्या.

निवूनही आतून पिठूळ, ओलसर लागला तर भाजणं कमी पडलंय किंवा एका वेळी पीठ जास्त ओतलंय. गार झाल्यावर कडक आणि रबरी झाला तर पीठ दाट होतं, लोणी कमी पडलं, किंवा मंद आचेवर फार वेळ ठेवला. आच वाढवा, वेळ कमी करा. तेलकट झाला तर नारळाचा रस फार साईचा होता: पुढच्या वेळी त्यात 30 मिली पाणी मिसळा आणि लोणी 35 ग्रॅमवर आणा. लोण्याऐवजी खोबरेल तेलही चालतं, तेवढंच घ्या.

अंडं नको असेल तर रस 290 मिली करा आणि भाजायला दीड-दोन मिनिटं जास्त द्या. तो कमी फुलतो आणि साल जाड होते, पण चिवटपणा तसाच राहतो. वॉफल मेकरच नसेल तर हेच पीठ आप्पेपात्रात घाला: तेल लावलेल्या खळग्यांत पाऊण भरून, झाकून मध्यम आचेवर चार मिनिटं, उलटून तीन. आकार वेगळा, चव तीच.

बरोबर गोड पाक ओतण्यापेक्षा पातोळ्यांत भरतो तसं चून ठेवा: खवलेला नारळ, माडाचा गूळ आणि वेलची, मंद आचेवर परतून कोरडं केलेलं. ओला पाक सालीला मऊ करतो, चून करत नाही. एप्रिल-मे असेल तर मानकुराद आंब्याच्या फोडी वेगळ्या वाटीत द्या, वर घालू नका. लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना बारीक तुकडे करून द्या, चिकट घास घशात अडकू शकतो.

उरलेले वॉफल फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका, त्या थंडाव्यात स्टार्च सर्वांत लवकर कडक होतो. पूर्ण गार करून, मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवा. महिनाभर चांगले राहतात. खाताना बर्फ वितळू न देता थेट तापलेल्या वॉफल मेकरमध्ये दोन-तीन मिनिटं किंवा टोस्टरमध्ये गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये आतला भाग मऊ होतो, पण साल कुरकुरीत होत नाही.